‘ऐकत नाही’ असा शेरा

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी त्या मुलाची हलणारी मान माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

परळी तालुक्यातल्या एका ठाण्यात मी बाल कल्याण पोलीस अधिकारी होतो. धर्मापुरीकडे विहिरींवरच्या मोटारींची केबल चार वेळा चोरीला गेली होती. शेतकऱ्यांनी चौदा वर्षांच्या एका मुलाला केबलच्या भेंडोळ्यासह पकडून आणलं. चारही चोऱ्यांबद्दल मी एकेक करून विचारलं. प्रत्येक वेळी त्याने ‘हो’ अशी मान हलवली. त्याचा चुलता म्हणाला, "साहेब, लई आडमुठं हाय. कुणाचंच ऐकत न्हाई."

सामाजिक पार्श्वभूमी अहवालात मी लिहिलं, ‘उद्धट. ऐकत नाही.’ बाल न्याय मंडळाने त्याला निरीक्षणगृहात पाठवलं. तिथे प्रत्येक मुलाची गरज तपासून तक्ता भरतात: शाळा, औषधोपचार, समुपदेशन. माझा अहवाल वाचून त्याच्या नावापुढे दोनच शब्द पडले, ‘कडक शिस्त’.

तीन आठवड्यांनी तिथल्या स्वयंपाकीण मावशींचा फोन आला. "साहेब, माज्या हातून परात पडली. समदी पोरं दचकली, ह्ये आपलं जेवतच व्हतं. त्याला ऐकूच येत न्हाई."

मी साध्या कपड्यांत गेलो. मुलाच्या मागे उभा राहून नावाने हाक मारली. तो वळला नाही. मग समोर बसून नेहमीच्या आवाजात विचारलं, "थर्मल वीज केंद्राची ती धुराची उंच चिमणी तूच चोरलीस का?"

त्याने मान हलवली.

शेजारी बसलेले निरीक्षणगृहाचे अधीक्षक ताडकन उठले. त्याच्या कानाशी वाकून मी ओरडलो, "मान का हलवतोस?"

"न्हाई हलवली की मारतेत," तो म्हणाला.

डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही कान कित्येक वर्षं वाहत होते. उपचार झाले, श्रवणयंत्र मिळालं. माझी चूक मी मंडळापुढे लेखी मांडली. तपास पुन्हा उघडला, तेव्हा तीन चोऱ्या दोन मोठ्या माणसांच्या निघाल्या. मुलाच्या कबुलीनंतर मी त्यांना शोधायचंच थांबवलं होतं.

यंत्र बसवल्यावर मुलाने मला विचारलं, "साहेब, तवा ठाण्यात तुमी काय इचारत व्हता?"

मी चारही प्रश्न पुन्हा विचारले. पहिल्याला तो "हो, उचलली" म्हणाला. पुढच्या तिन्हींना ठाम "न्हाई".

उत्तर लिहून घेण्याआधी समोरच्याला प्रश्न पोचला का, ते पाहायचं असतं. एवढं शिकायला मला तेवीस वर्षांची नोकरी लागली, आणि त्या मुलाचे तीन आठवडे.