राइनची ओटी

आमच्या कृष्णामाईचा अपवाद सोडला, तर जगातली एकही नदी मामांच्या हातून पास झालेली नव्हती. मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. राहणार सांगली, पाटबंधारे खात्यातून निवृत्त; पण निवृत्त फक्त कागदोपत्री. नदी दिसली की त्यांचा चेहरा तोंडी परीक्षा घ्यायला बसलेल्या मास्तरांसारखा होतो. गंगा? "गाळ फार." नर्मदा? "बरी आहे, पण हट्टी." थेम्स त्यांनी टीव्हीवर पाहिली आणि "याला आमच्याकडे नाला म्हणतात" म्हणून चॅनल बदललं. कृष्णेनं मात्र एका पुरात त्यांचा अख्खा तळमजला धुऊन नेला, तरी त्यांनी तिचा अर्धा मार्कसुद्धा कापला नाही. "घरात आली, म्हणजे आपलं समजून आली ना," हे वर!

अशा माणसाला मुलांनी जर्मनीत राइन नदीवरची बोटसफर काढून दिली. खरं तर मामा-मामी दोघांना. पण मामींचे गुडघे पार गेलेले. ऑपरेशन त्या कित्येक वर्षं पुढे ढकलत होत्या. एकदा गणपती आले म्हणून, एकदा लोणच्याच्या कैऱ्या आल्या म्हणून, आणि एकदा तर डॉक्टर फारच तरुण दिसतो म्हणून! बोटीचे जिने त्यांना झेपणार नव्हते, म्हणून त्यांच्या जागी बॉनला राहणाऱ्या मला, म्हणजे भाचेसुनेला, चढवण्यात आलं. निघताना मामींनी मामांना अट घातली, "त्या नदीची माझ्या नावानं ओटी भरून या. मग मी निमूट टेबलावर चढते. नाहीतर नाव काढायचं नाही." मामी आयुष्यभर भेटेल त्या नदीची ओटी भरत आल्या, आणि मामा आयुष्यभर "नदीला खण कशाला? ती काय माहेरपणाला आलीय?" म्हणून कुरकुरत आले. पुलावरून निर्माल्य टाकणाऱ्यांवर भर रस्त्यात ओरडणारा हा माणूस, आता रेनकोटाच्या आतल्या खिशात हिरवा खण घेऊन हिंडत होता. ओटी भरायला सवाष्ण हवी, म्हणून मला तर एक मिनिट नजरेआड होऊ देत नव्हते.

कोब्लेन्झला बोट लागली तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता. बोटीवरच्या सगळ्यांना एकसारख्या लाल छत्र्या वाटल्या आणि एक उंच, शिडशिडीत गाइडबाई आम्हाला घेऊन निघाल्या. मोझेल नदी राइनला मिळते तिथे घोड्यावरच्या राजाचा भला थोरला पुतळा आहे. सगळे माना वर करून बघत होते. मामा एकटे खाली वाकून पाणी बघत होते. "मामा, घोडा बघा की!" "घोडा कुठं पळून जातोय? आधी पातळी." मग संगम बघून त्यांना असा काही हुरूप आला की "सेम लाइक आवर हरिपूर! कृष्णा अँड वारणा!" म्हणत त्यांनी बोटीवरच्या पेन्शनर मंडळींना दोन्ही पाण्यांचे रंग समजावून द्यायला सुरुवात केली. बघता बघता निम्मा घोळका गाइडबाईंना सोडून मामांच्या मागे लागला. बाई जर्मन. त्यांनी फक्त घड्याळाकडे बघितलं.

पण नारळाचं काय? सांगलीहून आणलेला नारळ मुंबई विमानतळावरच काढून घेतला होता. घोळक्याला टांग मारून आम्ही भिजत भिजत सुपरमार्केट गाठलं. तिथे नारळ मिळाला, पण पार तासलेला, गुळगुळीत. मामांनी तो चारी बाजूंनी फिरवून बघितला. "अगं, याला शेंडीच नाही! हा नाही चालायचा तिला."

"मामा, त्यांना कुठे दिसणार आहे?"

"मी खोटं बोललो की तिला फोनवरून वास येतो." मग नारळ हातात धरून ते तिथेच, भाज्यांच्या फळीपाशी उभे राहिले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "रात्री उठते गं ती. भिंत धरून धरून जाते. मी झोपलोय असं वाटतं तिला."

या माणसाच्या पोटात एवढं असेल असं कधी वाटलं नव्हतं. मी सरळ मामींना व्हिडिओ कॉल लावला आणि नारळ दाखवला. मामींनी चष्मा वर-खाली केला. "अहो, तिकडच्या नदीला तिकडचाच नारळ ओळखीचा असणार. भरा ओटी, आणि डोकं पुसा आधी!"

संगमाजवळच्या पायऱ्या उतरून मी हळदकुंकू वाहिलं, तोच गाइडबाई आम्हाला शोधत धापा टाकत आल्या. बोट सुटायला आली होती. हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. आमच्याकडे नदीचा असा मान करतात, मी माझ्या जर्मनमध्ये सांगितलं. "प्लास्टिक?" त्यांनी संशयानं विचारलं. "नाइन, नाइन! अजिबात नाही!" "आल्झो, मग पटकन," म्हणत त्यांनी स्वतःची छत्री माझ्या डोक्यावर धरली. मी तांदूळ सोडले, तर कुठूनसा एक हंस फिस्कारत आला, मामांना दोन पायऱ्या वर पळवून लावलं आणि तांदूळ मटकावले. "प्रसाद घेतला, प्रसाद घेतला!" मामा वरून ओरडले. खण आणि नारळ मात्र त्यांनी पाण्याला नुसते टेकवू दिले. पाण्यात काही टाकायचं नाही हा खात्याचा नियम राइनलाही लागू. मग ओटीचा खण परत कसा न्यायचा? तो त्यांनी गाइडबाईंच्या हातात ठेवला. "लग्न झालंय का विचार जरा." मी अर्थातच विचारलं नाही. बाई तो ओला खण हळूच उलगडून बघत राहिल्या.

मामा पुन्हा खाली उतरले, पाण्यात हात बुडवला. आता मार्क मिळणार, म्हणून मी वाट बघत होते. तर त्यांनी हात जोडले आणि पुटपुटले, "आमची घाबरट आहे. तिला सांभाळ बाई." मग घसा खाकरून मोठ्यानं म्हणाले, "वेग चांगला आहे. पास!"

मामी खरोखरच निमूट टेबलावर चढल्या. आता रोज संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जातात आणि मामा मागून "सावकाश, सावकाश" करत धापा टाकतात. आणि सांगलीहून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "राइनला पाणी किती आहे?" एकदा मी चिडलेच. "मामा, आम्ही कसे आहोत ते कधी विचारत नाही तुम्ही!"

"तुम्ही दोघं आहात एकमेकांना. तिची ओटी भरलीय आपण. तिकडं तिला दुसरं कोण आहे?"

तीच राइन बॉनला माझ्या ऑफिसजवळून वाहते. इतकी वर्षं मी पुलावरून फोनमध्ये डोकं घालून जात होते. आता पाऊस लागला की मुद्दाम ट्राममधून उतरते, कठड्याशी उभी राहते, पाणी कुठवर आलंय ते बघते, आणि सांगलीला फोन लावते. "मामा, बरी आहे हो आपली. काळजी करू नका."