गठ्ठ्यातला शेवटचा कागद

शाळेच्या कार्यालयात त्या बावीस वर्षं दाखल्यांवर शिक्के मारत होत्या. सगळे त्यांना शिक्केबाई म्हणत. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी भाच्याचा दाखला गठ्ठ्यातून वर काढून आधी दिला होता. एवढंसं काम, पण त्यावरून शिक्षकांच्या खोलीत दोन वर्षं टोमणे चालले. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला: आपल्या माणसाचा कागद सगळ्यात खाली. यंदा त्या गठ्ठ्यात त्यांच्या लेकीचा कागद होता, तरी बाईंचा नियम तो नियम.

लेकीनं एका मोठ्या विद्यापीठात लवकरच्या फेरीतून अर्ज केला होता. या फेरीचा निकाल इतरांच्या तीन महिने आधी लागतो. जागा मोजक्या आणि अर्ज ढीगभर. अर्ज मुलांनी भरायचा, गुणांचा दाखला मात्र शाळेनं पाठवायचा, शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत. शिक्केबाईंनी त्या दिवशी एकोणीस मुलांचे दाखले तपासले, शिक्के मारले, स्कॅन करून पाठवले. विसावा घरचा. तो घेतला आणि नेमका तेव्हाच स्कॅनर रुसून बसला. दाखला गेला तेव्हा सहा वाजून चार मिनिटं झाली होती.

चार मिनिटं कोण बघतंय, असं त्यांनी मनाला समजावलं. सात आठवडे तेच समजावत होत्या, बसच्या रांगेत, कपडे वाळत घालताना, अंथरुणाला पाठ टेकल्यावर. मन काही ऐकेना. लेक विचारायची, "आई, दमलीस का गं?" त्या म्हणायच्या, "वय झालं आता." खरं सांगायला तोंड उघडायच्या आणि मूग गिळून गप्प बसायच्या. भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

निकालाच्या दुपारी लेक शाळा सुटल्यावर कार्यालयातच आली. खिडकीबाहेर दाखले मागणाऱ्या पालकांची रांग होती. लेक टेबलापलीकडच्या स्टुलावर बसली, फोन उघडला, वाचला, आणि आईसमोर सरकवला.

होकार नव्हता, नकारही नव्हता. शाळेचा दाखला मुदतीनंतर मिळाल्यामुळे अर्ज आता सर्वसाधारण फेरीत धरला जाईल, असं लिहिलं होतं. सोबत सहामाहीचे गुण शाळेकडून मागवले होते.

शिक्केबाईंनी फोन परत सरकवला. "माझ्यामुळे झालं हे. तुझा कागद मी शेवटी घेतला."

"माहीत आहे."

"कसं?"

"त्या दिवशी घराची किल्ली न्यायला आले होते ना मी. गठ्ठ्याच्या तळाशी माझ्या नावाची चिठ्ठी दिसत होती."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? सगळ्यांसमोर उभी राहून, माझं आधी कर म्हणू? तुझीच मुलगी आहे मी." लेकीचा आवाज चढला नाही, ती नुसती दमलेली होती. "पण मला फार वाटत होतं गं, की तू आपणहून वर काढशील."

आईनं सहामाहीचे गुण छापून घेतले. समोरच्या ट्रेमध्ये अकरा कागद होते. बावीस वर्षांच्या सवयीनं त्यांच्या हातानं बारावा कागद तळाशी सरकवला. लेक बघत होती.

हातानं काय केलं ते शिक्केबाईंना जरा उशिरानं कळलं. त्यांनी कागद बाहेर ओढला आणि खिडकीकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "थोडं थांबा. आधी माझ्या मुलीचा आहे."

रांगेत कुणीतरी म्हणालं, "बरंय, घरचं आधी."

त्यांनी ते नीट ऐकलं आणि शिक्का मारला.