मावळतीकडची खिडकी

बाबांना विमानाचं काही कौतुक नव्हतं. त्यांना वरून धुरा बघायचा होता.

धुरा म्हणजे धानाच्या दोन बांध्यांमधला, दोन खाचरांमधला, मातीचा बांध. आमच्या तिरोड्याकडच्या शेतात एका बाजूला आमची बांधी, दुसऱ्या बाजूला मोठ्या बाबांची, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची. मोठ्या बाबांनी धुरा आमच्याकडे सरकवला असं बाबा एकदा चारचौघांत म्हणाले आणि दोघांचं बोलणं बंद झालं, त्याला नऊ वर्षं झाली. घरं मात्र भिंतीला भिंत लागून. मधे सरकारी मोजणी झाली, तर दोघांनी मिळून मोजणीवाल्यालाच खोटं ठरवलं.

मला धुऱ्याशी काही घेणंदेणं नव्हतं. मला मोठे बाबा परत हवे होते. आमच्याकडच्या प्रतापगडच्या यात्रेत मी त्यांच्या खांद्यावर बसून फिरलेली पोरगी.

मी हैदराबादला नोकरी करते. जवळच्या बिरसी विमानतळावरून विमान जातं, चार दिवस चला माझ्याकडे, असं बाबांना म्हटलं, तर त्यांनी एकच विचारलं, “वरून वाकडा धुरा दिसल ना?”

“सगळं दिसते,” मी ठोकून दिलं.

“मंग मावळतीकडची खिडकी घे. शेत तिकडंच येते.”

आमच्या घरात डावं-उजवं कोणी म्हणत नाही. जेवताना पाण्याचा तांब्यासुद्धा उगवतीकडे सरकवायचा असतो. तिकीट काढताना मोबाइलवर विमानातल्या जागांचा नकाशा आला, विमानाचं नाक वर. नकाशात मावळत डावीकडे असते, हे शाळेत घोकलेलं. मी डावीकडची खिडकी घेतली आणि माझ्या हुशारीवर खूश झाले. त्या नकाशाच्या हिशेबाने विमान नाक खाली करून दक्षिणेला जाणार, म्हणजे मावळत उजवीकडे येणार, हे डोक्यातच आलं नाही.

गावात बातमी फुटायला कितीसा वेळ लागतो! विमानतळावर पाहते तर मोठे बाबा, नवं धोतर नेसून, आमच्याकडे पाठ करून बसलेले. हैदराबादेत त्यांच्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं. धुरा सरळ आहे हे डोळ्यांनी बघायचं आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं, एवढंच काम. आम्ही कुठली खिडकी घेतली याची चौकशी करून त्यांनी त्याच रांगेतली बरोबर उलटी खिडकी घेतली होती. नऊ वर्षं ते सगळंच उलटं करत होते, तेच इथेही केलं. अडाणी हट्ट, पण बाजू बरोबर निघाली.

विमान वर गेलं. बाबांच्या खिडकीत जंगल, पुन्हा जंगल, एक तलाव, पुन्हा जंगल.

“पोरी, तिरोड्याच्या चिमण्या कुठं गेल्या?”

मी पलीकडे पाहिलं. वीज केंद्राच्या चिमण्या मोठ्या बाबांच्या खिडकीत उभ्या होत्या. त्यांनी काचेला नाक लावलं होतं. त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती.

बाबांनी थोडा वेळ दम धरला. मग ते माझे पाय तुडवत उठले.

“भाऊ, दिसून राहिला का?”

मोठे बाबा वळले नाहीत. “चिमण्या दिसून राहिल्या. शेत नाही सापडत. तू पाह्य.”

विमानातली मुलगी धावत आली. “अंकल, बैठिए!”

“बसून तं राहिलो, बाई,” म्हणत बाबा त्या रिकाम्या जागेवर बसले. त्यांना पट्टा लावता येईना, तो मोठ्या बाबांनी लावून दिला.

दोन पांढरी डोकी एका काचेला. खाली हजारो बांध्या, हजारो धुरे, सगळे वाकडे. “थो पाह्य,” “थो नाही, थ्याच्या बाजूचा,” असं चाललं, तोवर ढग आला.

मोठे बाबा खिडकीकडेच बघत म्हणाले, “सरकवला होता मी. हातभर.”

“मालूम हाये,” बाबा म्हणाले. “मी त्याच उन्हाळ्यात परत आणला.”

“मंग धुरा जाग्यावरच हाये?”

“जाग्यावरच हाये.”

“मंग नऊ साल बोलला काऊन नाहीस?”

“तूच बोलत नव्हतास तं.”

मोठे बाबा समजल्यासारखी मान हलवत राहिले. मला दोघांना त्या ढगात ढकलून द्यावंसं वाटलं. माझी वरात दारातून निघाली, तेव्हा शेजारच्या घरात मोठे बाबा आतून कडी लावून बसले होते. मी त्या दाराकडे बघत गाडीत चढले होते, आणि धुरा तेव्हाही जागेवरच होता.