खाऱ्या पाण्यावर फुटलेला वड

मिठाचं पाणी पिऊन वडाला पालवी फुटली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

पहिल्या महायुद्धाची वर्षं. लोणावळ्याच्या एका नर्सरीत मी ओव्हरसियर होतो. कोकणातल्या एका बंदरात, समुद्राकाठच्या रस्त्याला सावलीची झाडं हवी होती. सदाहरित, म्हणजे कधीच उघडीबोडकी न होणारी. माझं मत समुद्रकाठीच वाढणाऱ्या उंडीच्या झाडाला. तळेगावच्या कंत्राटदाराकडे वडाची रोपं पडून होती, म्हणून त्याचं मत वडाला. नर्सरीचे साहेब म्हणाले, "ट्रायल घ्या." दोन्हींच्या कुंड्यांना रोज खारं पाणी घालायचं ठरलं. ते काम कुसगावहून मजुरीला येणाऱ्या सरूबाईकडे.

उंडी जागच्या जागी, वड मात्र तरारलेला. कंत्राटदार येता-जाता विचारी, "काय ओव्हरसियर, आमचा वड काय म्हणतो?" वर हसायचा. माझं डोकंच फिरायचं. त्याने कुणाला तरी फितवलंय, याची मला खात्री होती. एकदा वडाच्या कुंडीतली माती बोटाने चाखली. अळणी! उंडीची चाखली, ती खारट.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेडमागे दबा धरून बसलो. सरूबाई आली. उंडीला तिने पिंपातलं खारं पाणी घातलं, वडाला विहिरीचं.

"कंत्राटदाराने सांगितलं ना तुला?" मी ओरडलोच.

"कोन कंत्राटदार?" ती रडकुंडीला आली. "सायेब, वटपुनवेला ह्याला सूत गुंडाळते मी. त्यालाच मीठ पाजू? आमचं मालक तिकडं बसऱ्याला लढाईवर हाईत."

मी जाऊन साहेबांना सगळं सांगितलं.

साहेब म्हणाले, "काढून टाका तिला."

"उंडीचं काम तिने चोख केलंय, साहेब. वडाचं पाणी दुसऱ्या माळ्याकडे देतो, हुसेनभाईंकडे."

साहेब कसेबसे तयार झाले. सरूबाईने मात्र वडाची एक कुंडी मागून घेतली. "ह्यो तुमच्या परीक्षेत न्हाई," म्हणाली.

नव्या ट्रायलमध्ये वडाची पानं कडेने करपली. उंडी टिकली आणि बंदराच्या रस्त्याला तीच लागली. कंत्राटदार पुन्हा फिरकला नाही.

लढाई संपल्यावर सरूबाईचा नवरा लंगडत का होईना, घरी आला. "बगा, माज्या वडानं राखलं," ती म्हणाली. ती ट्रायल काही मी घेतली नव्हती, त्यामुळे गप्प बसलो. पण तेव्हापासून झाडाची परीक्षा घेण्याआधी मी पाणी घालणाऱ्याला विचारून घेऊ लागलो, "याची पूजा करत नाही ना तुम्ही?"