पूर्ण बाह्यांचा शर्ट

मिरजगावहून येताना बसमध्ये माझा मोबाईल गेला, म्हणून वाटेतल्या एका पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला उतरलो. माझ्यापुढे चाळिशीचा एक माणूस उभा होता. भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. हवालदाराने विचारल्यावर त्याने एक बाही वर केली. दंड काळानिळा पडून सुजला होता.

"बायकू मुसळानं मारती, साहेब. लई दिस झालं."

हवालदाराने आतल्या दोघांना हाक मारली. "या, या. आता परत सांग रे!"

त्याने परत सांगितलं. तिघं पोट धरून हसले. "गड्या, बांगड्या भर हातात," एक जण म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. हाच दंड एखाद्या बाईचा असता, तर हसायची यांची छाती झाली असती का?

"अहो, हसता काय? लिहून घ्या की त्याचं!" मी ओरडलो.

"तुम्ही तुमच्या मोबाईलचं बघा," हवालदाराने मलाच दटावलं.

तो माणूस मात्र चिडला नाही. त्याने बाही सावकाश खाली ओढली, बटण लावलं आणि खालच्या मानेने म्हणाला, "मंग बैलानं मारलं म्हनून लिवा, साहेब. मार तर खरा हाय ना?"

तेव्हा कुठे हसणं थांबलं. हवालदाराने कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं,

"बैल कुणाचा?"