गाडीवरची काठी

आमच्या छोट्या मोटारीची मागची बैठक उपटून मी तिथं बिनतारी संच आणि बॅटऱ्या बसवल्या. एरियलची तार ताणायला टपाच्या मागं उंच बांबू बांधला. वेल्ह्याच्या चढावर थांबून जगाला हाका मारत होतो, तेवढ्यात धनगरवाडीतल्या बाया आल्या आणि देवाची काठी समजून बांबूला हळदकुंकू लावू लागल्या. हा देव नाही, म्हणून मी खेकसलो. त्यांच्यातली म्हातारी म्हणाली, “मग मगापासनं कुनासंगं बोलतोयास, बाबा?”

मला तोवर जगातून एकदाही उत्तर आलं नव्हतं. पुढं लढाई लागली आणि सरकारनं संच जप्त केला. बांबू तेवढा मी वैतागून त्या वाडीत टाकून आलो. आता तो त्यांच्या देवळापुढं उभा आहे. त्यांना म्हणे तिथं हमखास कौल मिळतो.