खुडूक तांबडीला घेऊन पेण ते रोहा

आमची तांबडी कोंबडी खुडूक झाली. म्हणजे तिला अंड्यांवर बसायची ओढ लागली. दाणे सोडून कोपरा धरून फुरफुरत होती. मुलगा सुरेश म्हणाला, "आये, बुडव तिला थंड पाण्यात, खूळ उतरेल, नायतर रविवारी रस्सा कर."

तेवढ्यात रोह्याहून मुलीचा, शकूचा फोन. तिची अंड्यांवर बसलेली कोंबडी मुंगसानं नेली, अंडी तशीच पडून. मी म्हटलं, तांबडीला घेऊन येते.

सुरेश हसला. "परक्या अंड्यांवर बसते काय ती? एसटीत हादरूनच ओढ मोडेल."

"नाय बसली तर रस्सा मीच करीन," म्हटलं आणि निघाले.

सोबत नात मनाली. जनावरांची डॉक्टरकी शिकते. मी तांबडीचे पाय बांधून पिशवीत कोंबत होते, तिनं दोरीच काढून घेतली. "आज्जी, टोपलीत ठेव आणि पोटाखाली दोन अंडी दे. पोटाची पिसं झडलीत बघ. तिथं अंडं लागत राहिलं की मेंदू हार्मोन सोडत राहतो, तोच तिला बसवून ठेवतो. अंडी काढलीस की संपलं." तिच्या शिक्षणाचा एकदाचा उपयोग झाला. ऐकलं मी.

पेणहून सकाळची गाडी धरा, बसायला मिळतं. पंच्याहत्तरी उलटली असेल तर तिकीट नाय, आधार कार्ड तेवढं ठेवा. कंडक्टर टोपली बघून म्हणाला, "कोंबडी टपावर टाका."

"तुझ्या आयला बाळंतपणात टपावर बसवलं होतं काय रे?"

मागच्या सीटवरच्या एक खाला हसल्या, "बसू दे रे बाबा, नायतर रोह्यापर्यंत ऐकावं लागेल."

वडखळला गरम वडे घ्या. नागोठण्यापर्यंत खड्डे, टोपली मांडीवर धरून माझी कंबर कामातून गेली.

शकूनं अंडी कोमट कोंड्यात ठेवली होती. मनालीनं दिवेलागण होईपर्यंत थांबवलं. काळोखात कोंबडी नवी जागा लवकर धरते म्हणे. मग तांबडीला अंड्यांवर ठेवलं. ती उठून उभीच राहिली.

"ओढ गेली गो आये," शकू म्हणाली.

"गप बस."

तांबडीनं चोचीनं एक अंडं आत ओढलं. मग दुसरं. मग पिसं फुगवून बसली ती बसलीच.

आईची माया म्हणजे मेंदूतला रस, असं मनाली म्हणते. असेल. सुरेशला वाढवताना मला कोणी विचारलं नाय, रस हाय का म्हणून.

पिल्लं किती निघतील, ठाऊक नाय. पैज बसण्याची होती. रविवारी पेणला सुरेशच्या ताटात वालाची आमटी वाढली.

"रस्सा?"

"रोह्याला बसलाय."